फॉर्मालिनच्या बाटलीआधी

भिलाईच्या स्टील मेल्टिंग शॉपमध्ये पोलादाची हीट, म्हणजे एका वेळी वितळवलेली खेप, ओतण्यापूर्वी तिचा नमुना काढतात. तो लहानसा तुकडा प्रयोगशाळेत जातो. कार्बन किती, मँगनीज किती, फॉस्फरस किती याचं उत्तर काही मिनिटांत परत येतं आणि लॅडलमध्ये काय मिसळायचं ते ठरतं. भिलाईच्या सेक्टरांमधल्या मराठी घरांना यात नवल नाही. कुणाचे वडील, कुणाचे आजोबा प्लांटमध्ये होतेच.

त्याच घरांतल्या कुणाच्या मेंदूत गाठ निघाली की नमुन्याचा हा हिशेब थांबतो. शस्त्रक्रिया होते, तुकडा फॉर्मालिनच्या बाटलीत पडतो, पॅथॉलॉजिस्ट गाठीचं नाव आणि दर्जा सांगतो. आता जनुकीय चाचण्यांवरून औषधाचा काही अंदाजही बांधता येतो. पण औषध घालून ती गाठ मरते का, हे त्या तुकड्यावर बघता येत नाही. फॉर्मालिनने तो तुकडा टिकतो, पण मेलेला असतो.

तो जिवंत ठेवायचा, वाढवायचा आणि रुग्णाच्या आधी त्याच्यावर औषध आजमावायचं, ही एक कारागिरी आहे. भारतात तिची पायवाट एका मराठी बाईने पाडली. कमल रणदिवे, माहेरच्या समर्थ, १९१७ साली पुण्यात जन्मल्या. वडिलांना मुलीने डॉक्टर व्हावं असं वाटत होतं. त्या जीवशास्त्राकडे गेल्या. मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या हाताखाली १९४९ मध्ये त्यांनी पीएच.डी. केली आणि पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जॉर्ज गे यांच्याकडे पेशीसंवर्धन शिकल्या. माणसाच्या कर्कपेशी शरीराबाहेर अखंड वाढत राहू शकतात, हे ज्या हेला पेशींनी १९५१ मध्ये दाखवलं, त्या गे यांच्याच प्रयोगशाळेतल्या. रणदिवे परतल्या आणि १९६० च्या दशकात परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली.

मेंदूच्या गाठीचं काम त्याहून नाजूक. शस्त्रक्रियागृहातून तुकडा थंड माध्यमात घेऊन काही तासांत प्रयोगशाळा गाठावी लागते. तिथे रक्त धुऊन काढायचं, मेलेला भाग कापून टाकायचा आणि पेशी ३७ अंश सेल्सियसला, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इन्क्युबेटरमध्ये ठेवायच्या. पोषक माध्यम ठरावीक दिवसांनी बदलायचं. एकदा बुरशी शिरली की सगळी मेहनत कचऱ्यात. कित्येकदा गाठीच्या पेशी मागे पडतात आणि तिच्यातल्या निरोगी पेशीच फोफावतात.

पुण्यात विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. देशभरच्या प्रयोगशाळांना पेशी पुरवणारी ही पेढी. तिथे डॉ. अंजली शिरस आणि सहकाऱ्यांनी अॅस्ट्रोसायटोमा या मेंदूच्या गाठीच्या एकाच नमुन्यातून दोन पेशीवंश, म्हणजे प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढत राहणाऱ्या पेशी, तयार केले आणि २००३ मध्ये ते प्रसिद्ध केले. पहिल्याचं नाव एचएनजीसी-१. तो संथ वाढतो, शेजारी पेशी लागली की थांबतो, गाठ करत नाही. दुसरा एचएनजीसी-२. हा भराभर वाढतो, आधाराशिवाय वाढतो, आजूबाजूला घुसतो आणि गाठ करतो. सौम्य गाठ मारक कशी होते, हा प्रश्न एरवी दोन वेगळ्या रुग्णांच्या गाठी शेजारी ठेवून विचारावा लागतो आणि माणसामाणसातला फरक मध्ये येतो. इथे एकाच गाठीची दोन रूपं समोरासमोर ठेवता आली. भारतीय मेंदूविज्ञानातलं हे काम जितकं माहीत असायला हवं तितकं नाही.

आपल्या मातीतल्या, कुणाचे ते ठाऊक असलेल्या नमुन्यांची गरज का, याचं उत्तर स्वीडनमध्ये मिळतं. जगभर ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या मारक गाठीवरचे असंख्य प्रयोग यू-८७ या पेशीवंशावर झाले. १९६० च्या दशकात उप्साला इथे एका रुग्णाच्या गाठीतून तो तयार झाल्याचं सगळे धरून चालले होते. २०१६ मध्ये उप्सालाच्याच संशोधकांनी जपून ठेवलेल्या मूळ ऊतीशी डीएनए ताडून पाहिला, तर जगभर वाटल्या गेलेल्या पेशी त्या रुग्णाच्या निघाल्याच नाहीत. त्या बहुधा ग्लायोब्लास्टोमाच्याच आहेत. पण कुणाच्या, ते ठाऊक नाही. शिवाय प्लास्टिकच्या तळावर वर्षानुवर्षं सपाट वाढलेल्या पेशी मूळ गाठीपासून दुरावतात. गाठीत अनेक स्वभावांच्या पेशी एकत्र नांदतात. तळावर जी वेगाने पसरते तीच उरते.

म्हणून आता ऑर्गनॉइड, म्हणजे मूळ ऊतीसारखे वाढवलेले पेशींचे गोळे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात हाँगजुन साँग आणि ग्वो-ली मिंग यांच्या गटाने २०२० मध्ये ५३ रुग्णांच्या गाठींवरचं काम मांडलं. त्यांनी ऊती विरघळवून पेशी सुट्या केल्या नाहीत. साधारण एका मिलिमीटरचे तुकडे कापले आणि हलत्या तबकात तरंगत ठेवले. एकदोन आठवड्यांत त्यांचे गोळे झाले. दहापैकी नऊ प्रयत्न यशस्वी ठरले, गोळ्यांत मूळ गाठीची विविधता बरीचशी टिकली आणि गोठवून ठेवलेले गोळे पुन्हा जिवंतही करता आले.

वेग इथे महत्त्वाचा आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रेडिएशन आणि टेमोझोलोमाइड हे औषध दोन्ही मिळालेल्या ग्लायोब्लास्टोमाच्या रुग्णांपैकी निम्मे १४.६ महिन्यांच्या आत गेले. गाठीच्या ज्या प्रतिकृतीला उभं राहायला सहा महिने लागतात, ती विज्ञानाच्या कामाची असली तरी त्या रुग्णाच्या कामाची नसते.

गाठ परत का येते, याचा माग खारघरच्या अॅक्ट्रेक या कर्करोग संशोधन केंद्रात डॉ. शिल्पी दत्त यांच्या गटाने घेतला. रुग्णांच्या गाठीतल्या पेशींना त्यांनी मारक मात्रेचं रेडिएशन दिलं. बहुतेक मेल्या, दहा टक्क्यांहून कमी उरल्या. त्या एकमेकींत मिसळून अनेक केंद्रकांच्या अवाढव्य पेशी झाल्या, काही दिवस निपचित पडून राहिल्या आणि मग पुन्हा विभागू लागल्या. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झालं. रुग्णाच्या डोक्यात उरलेल्या या मूठभर पेशी स्कॅनवर दिसत नाहीत. तबकात मात्र त्यांना रंगेहाथ पकडता येतं.

तबकाच्या मर्यादाही सांगायला हव्यात. गोळ्यात वाहतं रक्त नाही, पूर्ण प्रतिकारयंत्रणा नाही. रक्त आणि मेंदू यांमधला जो अडसर बहुतेक औषधांना दारातच थांबवतो, तो तिथे नसतो. तबकात चाललेलं औषध माणसात चालेलच असं नाही.

भिलाईपासून मुंबई सुमारे अकराशे किलोमीटर. रुग्ण गाडीने जाऊ शकतो. ताजी ऊती इतका प्रवास सोसत नाही. म्हणून शस्त्रक्रियागृह आणि संवर्धनाची प्रयोगशाळा एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर हवीत. रायपूरला एम्स आहे, कुटेलाभाट्याला आयआयटी आहे, सेक्टर ९ चं रुग्णालय शहरातच आहे. यांच्यात जिवंत नमुन्यांचा पूल उभा राहायला हवा. नाहीतर छत्तीसगडच्या माणसाची गाठ या संशोधनात मोजलीच जाणार नाही.

आपलं माणूस अशा शस्त्रक्रियेला नेताना सह्यांच्या कागदांत कधीकधी एक वेगळा कागद असतो: निदानासाठी लागणारा भाग घेतल्यावर उरलेली ऊती संशोधनाला द्याल का, असं विचारणारा. नाही म्हटल्याने उपचारात काही फरक पडत नाही, आणि दिलेली संमती मागेही घेता येते. तो कागद घाईत उलटू नका. ऊती कुठे जाणार, नाव गुप्त राहणार का, हे डॉक्टरांना विचारा आणि पटलं तर सही करा.