कंपनी बदलली, म्हणजे विजेचा दर बदलतो का?

मुंब्रा, भिवंडी, मालेगाव. तिन्हीकडे एक वाक्य हमखास ऐकू येतं, "प्रायव्हेट कंपनी आली आणि बिल वाढलं." लोक उगाच बोलत नाहीत, बिलं खरोखर वाढलेली आहेत. पण वाढ दरामुळे झाली की आणखी कशामुळे, हे समजून घेतलं नाही तर आपण भलत्याच दारात जाऊन भांडतो. म्हणून आज थोडं सविस्तर.

2003 च्या वीज कायद्याने वीज क्षेत्र खासगी कंपन्यांसाठी बरंच खुलं झालं. वीज तयार करायला परवान्याची अट राहिली नाही, मोठ्या कारखान्यांना हव्या त्या ठिकाणाहून वीज घ्यायची वाट मिळाली. घरगुती ग्राहकाचा दर मात्र खुला झालेला नाही. तो आजही महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगच ठरवतो.

भिवंडीत टोरंट 2007 मध्ये आली. मुंब्रा-कळवा-शीळ भागात तीच कंपनी आणि मालेगावात कोलकात्याच्या सीईएससीची कंपनी 2020 मध्ये आली. या कंपन्या फ्रँचायझी आहेत. परवाना महावितरणचाच आहे. फ्रँचायझी महावितरणकडून घाऊक वीज घेते आणि आपल्याकडून आयोगाने महावितरणसाठी ठरवलेल्या दरानेच वसूल करते. मुंब्र्यातल्या घराला आणि कल्याणमधल्या महावितरणच्या ग्राहकाला युनिटचा दर एकच. खात्री करायची असेल तर तिकडच्या नातेवाइकाचं त्याच महिन्याचं बिल मागवा आणि वीज आकाराचे दर शेजारी ठेवून बघा.

मग कंपनीची कमाई कुठून? गळती कमी करण्यातून. शंभर युनिट विकत घेतले आणि पन्नासचेच पैसे आले तर कंपनी बुडाली, नव्वदचे आले तर फायदा. त्यामुळे ती पहिल्या दिवसापासून जुने मीटर बदलते, आकडे काढते, भरारी पथकं फिरवते, जुनी थकबाकी उकरते. आधी बंद किंवा मंद मीटरवर अंदाजे बिल येणाऱ्या घराला आता पूर्ण युनिट मोजून मिळतात. चोरीचं समर्थन आम्ही करणार नाही, तो दुसऱ्याचा हक्क मारणं आहे. पण इमानदारीने भरणाऱ्या घरालाही याच घाईत चुकीचं रीडिंग किंवा दुसऱ्याची थकबाकी चिकटू शकते, हेही तितकंच खरं.

दुसरं कारण आपल्या घरातच असतं: स्लॅब. पहिले 100 युनिट स्वस्त, 101 ते 300 महाग, त्यापुढे आणखी महाग. दोन भावांचे संसार एकाच मीटरवर असतील आणि महिन्याला 360 युनिट जळत असतील, तर 60 युनिट तिसऱ्या स्लॅबमध्ये जातात आणि स्वस्त दर फक्त 100 युनिटना मिळतो. दोन मीटर असते तर प्रत्येकी 180, म्हणजे 200 युनिट स्वस्त दरात आणि तिसऱ्या स्लॅबमध्ये एकही नाही. स्थिर आकार दोनदा भरावा लागेल, तो हिशोब आधी करा. आणि घर, चूल खरोखर वेगळी असेल तरच दुसरा मीटर मागा. नुसता स्लॅब चुकवायला घेतलेला मीटर उद्या अंगाशी येतो.

खरी स्पर्धा बघायची असेल तर मुंबईच्या उपनगरांत जावं लागेल. कुर्ला, जोगेश्वरी, मालवणी या भागांत आज अदानी आणि टाटा, दोघांचा परवाना आहे. 2008 मध्ये सुप्रीम कोर्टाने टाटाचा किरकोळ विक्रीचा हक्क मान्य केला. 2009 पासून ग्राहकाला तारा तेव्हाच्या रिलायन्सच्याच ठेवून वीज टाटाची घेता येऊ लागली. नागपाडा, मदनपुऱ्यात ही सोय नाही, कारण बेस्ट महापालिकेची असल्याने तिच्या तारा दुसऱ्या कंपनीला खुल्या नाहीत.

पुढे काय झालं ते आपल्यासारख्यांनी नीट बघावं. जास्त वीज वापरणारे ग्राहक भराभर टाटाकडे गेले. पण त्यांच्या चढ्या दरातूनच छोट्या घरांचा दर खाली ठेवला जातो. ते गेले की मागे उरलेल्यांवर बोजा. म्हणून आयोगाने 2011 मध्ये कंपनी बदलणाऱ्यांवर क्रॉस सबसिडी अधिभार लावला. 2012 मध्ये तर टाटाने निवडक मोठे ग्राहक उचलल्याचा ठपका ठेवून, काही काळ फक्त 300 युनिटपर्यंतच्या घरगुती ग्राहकांनाच बदल करू द्यायचा आदेश काढला (तो पुढे अपिलात टिकला नाही). आमच्या मते या प्रकरणाचा अर्थ सरळ आहे. नियम घट्ट नसतील तर स्पर्धेची मलई मोठ्या ग्राहकाला आणि भार लहान घराला.

उपनगरात राहत असाल तर शेजाऱ्याने बदललं म्हणून बदलू नका. 100 युनिटच्या घराला स्वस्त पडणारी कंपनी 500 युनिटच्या घराला महाग पडू शकते. आपल्या स्लॅबचा वीज आकार, वहन आकार, अधिभार, सगळं मिळून बेरीज करा.

आणि बिल चुकीचं वाटलं तर भरणं सोडून गप्प बसू नका. आधी लेखी तक्रार द्या, पोच घ्या, मीटर तपासणी मागा. वीज कायद्याच्या कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी कनेक्शन तोडण्याआधी 15 दिवसांची लेखी नोटीस लागते. वाद असेल तर मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांच्या सरासरीचं बिल, यातली कमी असेल ती निषेध नोंदवून भरली की वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. दोन वर्षांपूर्वीची रक्कम मधल्या बिलांत सतत थकबाकी म्हणून दाखवलेली नसेल, तर ती वसूल करता येत नाही. कंपनीने ऐकलं नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल. फ्रँचायझीच्या ग्राहकालाही हेच दरवाजे खुले आहेत आणि तिथे वकील लावावाच लागतो असं नाही.