चेनसॉची धार: स्वस्त ग्राइंडर, महागडे गैरसमज

‘मशीन चांगलं होतं, आता कापत नाही’ ही चेनसॉबद्दलची तक्रार बहुतेक वेळा इंजिनाची नसतेच, दातांची असते. धार शाबूत असेल तर ओंडक्यातून जाडसर छिलके उडतात आणि चेन आपल्या आपण लाकडात शिरते. धार गेली की पिठासारखा भुसा पडतो, कापणारा माणूस मशीनवर रेटा देतो, चेन जिच्यावर फिरते ती पट्टी तापते आणि पेट्रोल मात्र तेवढंच जळतं.

जून २०२० मध्ये ‘निसर्ग’ आणि त्यानंतर वर्षभराने ‘तौक्ते’ ही वादळं कोकणात बागाच्या बागा आडव्या करून गेली, तेव्हा रस्ते मोकळे करायला चेनसॉच उपयोगी पडले. आता ही केवळ वनखात्याची किंवा अग्निशमन दलाची वस्तू राहिलेली नाही, बागायतदाराच्या पडवीतही ती असते. त्यात नारळ आणि साग या दोन्ही लाकडांत वाळूतला घटक, म्हणजे सिलिका असते. त्यामुळे आंब्या-फणसाच्या मानाने ही लाकडं धार लवकर खातात, आणि मातीने माखलेलं खोड तर त्याहून लवकर. मग कोणीतरी चेनला धार लावायचं मशीन शोधू लागतो. बाजारात ते चार आकडी किमतीपासून मिळतं, आणि सल्ले तर फुकटच मिळतात.

‘वर्कशॉपमध्ये बेंच ग्राइंडर आहेच की, त्यावरच लावू’ हा त्यातला पहिला सल्ला. कोयती-कुऱ्हाडीला तो ग्राइंडर ठीक आहे. चेनचा दात मात्र पाजळायच्या पात्यासारखा सरळ नसतो. त्याला वर एक आडवी कड असते, बाजूला एक उभी कड असते आणि दोन्ही जिथे मिळतात त्या कोपऱ्यावर खरं काम होतं. एक दात उजवा, पुढचा डावा, अशी रांग असते.

ही रचना सुचली ती एका अळीवरून. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात झाडं तोडण्याचं काम करणारा जोसेफ कॉक्स १९४६ मध्ये एका ओंडक्यात शिरलेली भुंग्याची अळी न्याहाळत होता. लाकडाच्या रेषेच्या दिशेने असो वा आडवं, ती सारख्याच सहजतेने पोखरत चालली होती, कारण तिचे वळलेले जबडे डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे चालत होते. कॉक्सने तसेच दात पोलादात घडवले आणि पुढच्याच वर्षी पोर्टलंडमध्ये चेनचा कारखाना काढला. तोच आजचा ‘ओरेगन’ ब्रँड.

या दाताच्या आतली गोलसर खाच अवघी काही मिलिमीटरची असते. साध्या बेंच ग्राइंडरचं वीस-पंचवीस मिलिमीटर जाडीचं चाक तिच्यात जाणारच नाही. चेनच्या ग्राइंडरला पातळ चाक असतं, बिजागरीवर खाली येणारं डोकं असतं आणि चेन धरून ठेवणारा छोटा शिकंजा असतो. खरेदी करताना या तिघांकडेच बघायचं असतं, पण लोक बघतात ते वॅट.

‘जास्त वॅट म्हणजे चांगलं मशीन’ हे मिक्सरला लागू असेल, इथे नाही. दातावरून दर वेळी केसभर पोलाद काढायचं असतं आणि त्याला फार ताकद लागत नाही. वॅटपेक्षा मोटारीचा प्रकार आणि तिचे फेरे महत्त्वाचे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. या विजेवर थेट चालणारी इंडक्शन मोटार मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या वर जाऊच शकत नाही, प्रत्यक्षात ती २८०० च्या आसपास फिरते. तेव्हा पाटीवर ४२०० किंवा ५००० असा आकडा दिसला, तर आत कार्बन ब्रशची मोटार आहे असं समजावं. हलक्या, प्लॅस्टिकच्या अंगाच्या आणि सुमारे १०८ मिलिमीटर चाकाच्या मशीनमध्ये सहसा तीच असते. ती आवाज करते, लवकर तापते, तिचे ब्रश झिजतात. पण म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. छोटं चाक जोरात फिरवलं की त्याच्या कडेचा वेग मोठ्या, संथ चाकाएवढाच होतो. १४५ मिलिमीटरचं चाक २८०० फेऱ्यांना सेकंदाला साधारण २१ मीटर कापतं, तर १०८ मिलिमीटरचं चाक ४२०० फेऱ्यांना साधारण २४ मीटर.

परदेशातल्या नातेवाइकाकडून मशीन मागवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेतलं मशीन १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं असतं. ते इथल्या सॉकेटला थेट लावलं तर मोटार जळते. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरवता येतं, हर्ट्झ मात्र ५० चेच राहतात. त्यामुळे इंडक्शन मोटार तिथल्यापेक्षा हळू फिरते आणि जास्त तापते.

स्वस्त मशीनची खरी परीक्षा दुकानातच घेता येते. डोकं हातात धरून डावीकडे-उजवीकडे हलवून बघावं. बिजागरीत ढिलाई जाणवली तर चाक दर दातावर वेगळ्या जागी टेकणार. मग डावे दात लांब राहतात, उजवे आखूड होतात आणि करवत ओंडक्यात एका अंगाला वळत जाते. कापणारा पट्टी वाकडी झाली म्हणून नवी पट्टी आणतो आणि दोष जिथल्या तिथे राहतो. बिजागरीचा बोल्ट कसणं, पातळ पत्र्याची चकती घालून फट भरणं, शिकंजा दोन्ही बाजूंना सारखाच वळतो ना हे कोनमापकाने पडताळणं, एवढं केलं की साधारण मशीनही बरंच सुधारतं. मशीनवर कोरलेल्या अंशांवर मात्र डोळे मिटून विसंबू नये, स्वस्त मालात ती खूण एक-दोन अंश इकडेतिकडे असू शकते. धार लावून झाल्यावर व्हर्नियरने चार-पाच डावे आणि चार-पाच उजवे दात मोजावेत.

कोनाचीही अशीच एक भाबडी समजूत आहे: ‘तीस अंशावर ठेवा, काम झालं.’ तीस अंश हा वरच्या कडेचा नेहमीचा कोन खरा, पण चेनप्रमाणे तो पंचवीस ते पस्तीस अंशांत बदलतो, आणि ओंडक्याच्या उभ्या फळ्या काढायच्या चेनला तो दहाच्या आसपास असतो. याखेरीज डोक्याचा कल असतो, सहसा ५५ ते ६० अंश. काही चौकोनी कोपऱ्याच्या दातांसाठी शिकंजाही दहा अंश कलता करावा लागतो. स्वस्त मशीनमध्ये ही शेवटची सोय नसते. घरगुती चेनसॉवरच्या गोल कोपऱ्याच्या दातांना तिची गरज नसल्यामुळे त्यासाठी जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही. चेनच्या डब्यावर किंवा कंपनीच्या तक्त्यात हे कोन दिलेले असतात.

चाकाचंही तसंच, एकच चाक सगळ्या चेनींना चालत नाही. आपल्याकडे खूप खपणाऱ्या ५८ सीसी, २२ इंची पट्टीच्या मशीनवर बहुधा ०.३२५ इंच पिचची चेन असते. तिला आणि छोट्या लो-प्रोफाइल चेनला ३.२ मिलिमीटर जाडीचं चाक लागतं. पूर्ण आकाराच्या ३/८ इंच पिचला ४.७ मिलिमीटरचं लागतं. दातापुढचा उंचवटा उतरवायला त्याहूनही जाड चाक वेगळं येतं. मशीन स्वस्तात घेऊन वाचलेले पैसे चांगल्या चाकावर घालावेत. सोबत फुकट आलेलं चाक बरेचदा कडक असतं, लवकर गुळगुळीत होतं आणि मग कापण्याऐवजी घासू लागतं.

घासण्यातून उष्णता येते आणि तिथेच सर्वात महागडा गैरसमज दडलेला आहे. दात निळा झाला की काही जण म्हणतात, ‘रंगच तर आहे, धार आलीय ना!’ पोलाद तापवताना साधारण २३० अंश सेल्सिअसला पिवळसर झाक येते आणि ३०० च्या आसपास निळी. दाताला कारखान्यात दिलेलं पाणी, म्हणजे त्याचा कडकपणा, तेवढ्या उष्णतेने उतरू लागतो. नव्या धारेचा तो दात दोन-चार ओंडक्यांतच बोथट होतो. याउलटही घडतं. दाताचं टोक क्षणभर लालबुंद झालं आणि बाकीच्या थंड धातूने ती उष्णता झपाट्याने ओढून घेतली, तर टोक काचेसारखं कडक आणि ठिसूळ होतं. पुढच्या वेळी कानस त्यावरून नुसती सटकते आणि दोष कानशीच्या माथी जातो.

उपाय सोपा आहे. चाक दातावर दाबून धरायचं नाही, टक-टक असं टेकवायचं आणि उचलायचं. चाक चकाकू लागलं की ड्रेसिंगच्या दगडाने त्याचा पृष्ठ उघडा करायचा आणि त्याच वेळी कडेला गोलाईही द्यायची. चेन आधी धुऊन घ्यावी, कारण तेलात भिजलेला भुसा चाकाची छिद्रं बुजवतो.

इथेच कोणीतरी सांगतं, ‘हिऱ्याचं चाक घ्या, आयुष्यभर बघायला नको.’ हिरा हा कार्बन आहे आणि तापलेल्या लोखंडात कार्बन विरघळतो, त्यामुळे साध्या पोलादी चेनवर हिऱ्याचं चाक भराभर झिजतं. ते कार्बाइडच्या दातांसाठी आहे. पोलादासाठी योग्य आहे ते सीबीएन, म्हणजे घनाकार बोरॉन नायट्राइडचं चाक. हा पदार्थ रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत बनवला. त्याचं चाक थंड चालतं आणि आकार सोडत नाही, पण त्याची किंमत स्वस्त ग्राइंडरच्या जवळ जाते. गावात पाच-दहा जणांच्या चेनी करून देणाऱ्याला ते परवडेल. वर्षातून चार वेळा मशीन काढणाऱ्याने साध्या चाकावरच भागवावं.

मग कानस अडगळीत टाकायची का? मुळीच नाही. ग्राइंडर आला की कानशीची गरज संपते हा विक्रेत्यांचा आवडता समज आहे. गोल कानस, ०.३२५ च्या चेनला ४.८ मिलिमीटरची, खिशात मावते आणि टाकी भरताना दोन-तीन फेऱ्यांत धार परत आणते. ती दात तापवत नाही आणि धातूही कमी खाते. ग्राइंडरचं काम वेगळं: दगड किंवा खिळा लागून कोपरे गेलेली, किंवा हाताने घासून दात लहान-मोठे झालेली चेन पुन्हा एका मापावर आणायची. दाताच्या बाहेरच्या अंगावर कडक क्रोमचा पातळ थर असतो आणि खरी धार त्याचीच असते. दगड लागला की तो थर कोपऱ्यावरून उडतो, म्हणून तेवढा भाग संपेपर्यंत दात मागे न्यावा लागतो. २२ इंची चेनच्या ४३ दातांवर हे काम हाताने करताना मनगट भरून येतं, आणि ग्राइंडरचे पैसे वसूल होतात ते इथे.

दातापुढचा उंचवटा, डेप्थ गेज, बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. दाताची वरची कड मागे उतरती असते, त्यामुळे दात जितका घासावा तितका बुटका होतो. उंचवटा मात्र तेवढाच राहतो, आणि शेवटी धारदार दातही लाकडाला पोचत नाही. दोघांतला फरक बहुतेक चेनींना ०.६५ मिलिमीटरच्या जवळपास ठेवतात आणि त्यासाठी पत्र्याचा छोटा मापक मिळतो. ‘जास्त उतरवला तर जास्त कापेल’ म्हणून तो मनाने घासणं मात्र धोक्याचं. अशी चेन लाकडाला झोंबते, इंजिन अडतं आणि पट्टीचं टोक उसळून कापणाऱ्याच्या अंगावर येण्याची भीती वाढते.

चाकाच्या बाबतीत काटकसर नको, अशी आणखी एक जागा आहे. नवं चाक बसवण्यापूर्वी बोटावर लटकवून लाकडी मुठीने हलकेच ठोकावं. अखंड चाक खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. चाकावर लिहिलेली फेऱ्यांची मर्यादा मशीनच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असलीच पाहिजे. चष्मा घालावा आणि चालू करताना चाकाच्या रेषेत न उभं राहता बाजूला राहावं. ज्या मशीनला चाकावरचं कवच नाही, ते कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नये.

दाताची लांबी ४ मिलिमीटरवर आली की चेन बाद धरतात. काही कंपन्यांच्या दातांवर तशी तिरकी खूणच कोरलेली असते. नवी चेन चढवण्याआधी चेन फिरवणाऱ्या स्प्रॉकेटकडे एकदा पाहावं. त्याच्या दात्यांना खोल खाचा पडल्या असतील तर आधी ते बदलावं, नाहीतर नव्या चेनच्या कड्या पहिल्याच आठवड्यात झिजू लागतात.