दहा हजार पेशींतील एक

नवी दिल्ली स्थानकाच्या एक नंबरच्या फलाटावरून बाहेर पडले की समोर पहाडगंज लागते. आणि पुण्याहून झेलमने, मनमाड-भुसावळकडून कर्नाटक एक्स्प्रेसने, अथवा बिहार-उत्तर प्रदेशाच्या कोणत्याही गाडीने आलेला, राजधानीत आप्तस्वकीय नसलेला आणि बेताच्या ऐपतीचा जो मनुष्य असेल, त्याचा पहिला मुक्काम बहुधा याच वस्तीतील एखाद्या लॉजमध्ये पडतो. परदेशी पाहुण्यांमुळे पहाडगंजाचा लौकिक दूरवर झाला असला, तरी मेन बाजाराच्या गल्ल्यांतून सकाळी लवकर चालणाऱ्याला दुसराच एक प्रवासीवर्ग दिसतो : काखेत तपासण्यांच्या कागदांनी फुगलेली फाईल, खांद्याला पाण्याची बाटली आणि कडेवर तोंडाला मास्क लावलेले, डोक्यावरचे केस गेलेले चार-पाच वर्षांचे मूल. त्यांपैकी कोणी पंचकुइयाँ मार्ग ओलांडून लेडी हार्डिंगला लागून असलेल्या, १९५६ साली सुरू झालेल्या कलावती सरन बालरुग्णालयाकडे जातात. कोणी रामकृष्ण आश्रम मार्गाच्या मेट्रोत बसून, राजीव चौकात गाडी बदलून एम्स गाठतात. आरामबागेतील नूतन मराठी विद्यालय आणि बृहन्महाराष्ट्र भवन यांच्यामुळे ही वस्ती मराठी माणसाला परकी नाही. परंतु कडेवरच्या त्या मुलाच्या व्याधीविषयी आपल्या घरांतून अजूनही जी हताश कुजबुज चालते, ती आता वस्तुस्थितीला धरून नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

रक्ताचा कर्करोग असे आपण एका नावाने म्हणतो खरे, पण ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा आणि त्यांचे कितीतरी पोटप्रकार अशा भिन्नभिन्न व्याधी त्या नावाखाली मोडतात. ल्युकेमियात हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत, जेथे रक्ताच्या सर्व पेशी जन्माला येतात तेथे, एखादी अपक्व पेशी वाढीचे सारे नियम झुगारून आपल्यासारख्याच पेशी निर्माण करीत सुटते. त्यांच्या गर्दीत तांबड्या पेशींना जागा उरत नाही म्हणून मूल पांढरेफटक पडते, बिंबिका (प्लेटलेट्स) घटल्यामुळे अंगावर निळे डाग उठतात व हिरड्यांतून रक्त येते, आणि कामाच्या पांढऱ्या पेशी नसल्यामुळे ताप हटत नाही.

या रोगाची पहिली ओळख आजही काचेच्या एका पट्टीवरच पटते. बोटातून किंवा शिरेतून घेतलेल्या रक्ताचा थेंब पट्टीच्या टोकाशी ठेवून दुसऱ्या पट्टीच्या कडेने तो पुढे ओढला की पातळ थर तयार होतो. तो वाळला म्हणजे त्यावर लीशमनचे रंगद्रव्य घालतात, आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली फिकट गुलाबी तांबड्या पेशींच्या मधोमध जांभळ्या रंगाची, जवळजवळ सर्व अंग केंद्रकानेच व्यापलेली, भोवती निळसर द्रव्याची केवळ एक बारीक कड राहिलेली अशी पेशी अनुभवी डोळ्याला दिसते. तिला ब्लास्ट म्हणतात. पांढऱ्या पेशींची एकूण संख्या वाढलेलीच असते असे नाही, ती कधी कमीही असते. म्हणून यंत्राने छापून दिलेल्या आकड्यांवर विसंबून न राहता ती पट्टी कोणीतरी जाणत्याने स्वतः पाहणे अगत्याचे असते. त्यानंतर कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढतात, आणि फ्लो सायटोमेट्रीच्या यंत्रात, चमकणाऱ्या प्रतिद्रव्यांनी खुणावलेल्या पेशी लेसरच्या किरणापुढून एकेक करून, सेकंदाला हजारोंच्या गतीने जाऊ देऊन, प्रत्येकीचे कूळ तपासतात. गुणसूत्रांची तपासणी त्याहूनही खोल जाते. १९६० साली फिलाडेल्फियात नोवेल आणि हंगरफर्ड यांना एका जातीच्या ल्युकेमियात एक अस्वाभाविक लहान गुणसूत्र आढळले. ते नऊ व बावीस या क्रमांकांच्या गुणसूत्रांतील तुकड्यांच्या अदलाबदलीतून होते, हे १९७३ साली जॅनेट राउली यांनी दाखविले. आणि त्या अदलाबदलीतून उपजणाऱ्या प्रथिनालाच अडवणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ साली बाजारात आली. तेव्हापासून जो रोग काही वर्षांत हमखास मृत्यूकडे नेई, त्याचे रुग्ण रोज गोळी घेऊन नोकरी-व्यवसाय करू लागले.

औषधांची कथा मात्र फिलाडेल्फियाच्याही आधी मुंबईच्या परळात सुरू होते, आणि ती आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे याचे मला मनापासून वाईट वाटते. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज विदुषी गिरणगावातील गर्भवती कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा शोध घेण्यासाठी मुंबईस आल्या. हाफकिन संस्थेत त्यांनी केलेल्या प्रयोगांत असे निष्पन्न झाले की, मार्माइट या यीस्टपासून केलेल्या स्वस्त अर्काने तो रक्तक्षय बरा होतो. अर्कातील ते अज्ञात द्रव्य म्हणजे पुढे फॉलिक आम्ल या नावाने प्रसिद्धीस आलेले जीवनसत्त्व होय. आंध्रातील भीमावरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेने ते कृत्रिम रीतीने तयार केले. आणि बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांना जेव्हा असे वाटले की, हे द्रव्य ल्युकेमियाच्या मुलांना दिल्यास रोग उलट अधिकच भडकतो, तेव्हा त्याला विरोध करणारे अमिनोप्टेरिन हे द्रव्यही सुब्बारावांच्याच प्रयोगशाळेने पुरविले. १९४८ साली फार्बर यांनी सोळा मुलांची कैफियत प्रसिद्ध केली. त्यांतील दहांना निश्चित उतार पडला होता. तो तात्पुरताच ठरला, पण ल्युकेमिया औषधाला वश होतो हे प्रथमच सिद्ध झाले. अमिनोप्टेरिनचे भावंड मेथोट्रेक्सेट आजही ल्युकेमियाच्या मुलांना आठवड्यातून एकदा गोळीच्या रूपाने देतात.

हाफकिनपासून हाकेच्या अंतरावर, त्याच परळात, १९४१ साली टाटा स्मारक रुग्णालय उघडले. तेथे १९८३ साली डॉ. सुरेश अडवानी यांनी देशातील पहिले यशस्वी अस्थिमज्जा-रोपण केले. आणि पुढच्याच वर्षी मुंबईचे टाटा, चेन्नईची कर्करोग संस्था आणि दिल्लीचे एम्स यांनी अमेरिकेतील तज्ज्ञांशी मसलत करून बालकांच्या ल्युकेमियासाठी औषधांचा एकच समान क्रम अमलात आणण्यास प्रारंभ केला. एमसीपी-८४१ असे रुक्ष नाव असलेल्या या तजविजीपूर्वी पाचांपैकी जेमतेम एक मूल तरत असे. तिच्या अंमलानंतर हे प्रमाण चाळीस ते साठ टक्क्यांपर्यंत चढले. त्यात नवे औषध फारसे नव्हते. जुनीच औषधे, ठरल्या मात्रेत, ठरल्या दिवशी, न चुकता देणे, एवढाच त्याचा गाभा होता.

याच दिल्लीत, टिळक मार्गावरील सर्वोच्च न्यायालयात, इमॅटिनिबच्या ग्लिवेक या रूपाच्या पेटंटचा दावा चालला, आणि १ एप्रिल २०१३ रोजी न्या. आफताब आलम व न्या. रंजना प्रकाश देसाई यांनी नोव्हार्टिस कंपनीची मागणी फेटाळली. मक्तेदारीची गोळी महिन्याला सुमारे सव्वा लाखाची आणि देशी गोळी आठ-दहा हजारांची, असा तो फरक होता. विज्ञानाच्या इतिहासात न्यायालयांची नोंद क्वचितच होते. हा निकाल मात्र खचित नोंदवला पाहिजे.

अगदी अलीकडचा टप्पा म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी काढून, त्यांत कर्कपेशींवरील सीडी१९ ही खूण ओळखणारे जनुक प्रयोगशाळेत घालून, त्या पुन्हा त्याच्याच शरीरात सोडण्याचा. आयआयटी मुंबईचे राहुल पुरवार यांचा चमू आणि टाटा रुग्णालयाचे डॉ. हसमुख जैन, डॉ. गौरव नरुला यांनी मिळून सिद्ध केलेल्या नेक्सकार१९ या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची परवानगी मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते तो देशाला अर्पण झाला. इतर सर्व उपाय थकलेल्या रुग्णांवरील चाचण्यांत सुमारे ७३ टक्क्यांनी प्रतिसाद दिला, हे लहान यश नव्हे. परदेशात जे तीन-चार कोटींना पडते ते येथे तीस-चाळीस लाखांत होते; पण पहाडगंजच्या लॉजचे रोजचे भाडे मोजून देणाऱ्याला तीस लाखही तितकेच दुष्प्राप्य, ही गोष्ट शासनाने नजरेआड करू नये.

आणि अशा उपचाराची पाळी पुष्कळांवर येऊच नये. रोग प्रथम कळतो तेव्हा शरीरात सुमारे एक लाख कोटी कर्कपेशी असतात. चार-पाच आठवड्यांच्या औषधांनी ताप उतरतो, मूल खेळू लागते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकही ब्लास्ट दिसेनासा झाला तरी हजार कोटींपर्यंत पेशी दडून राहिलेल्या असू शकतात. दहा हजार पेशींत एक उरली असली तरी तिचा माग काढणारी तपासणी आता मोठ्या केंद्रांतून होते, आणि उपचार कमी-अधिक कडक करावयाचे ते तिच्याच आधारे. नेमक्या याच सुमारास, मूल बरे झाले या समजुतीने आणि उसनवारीने गांजून, कितीतरी कुटुंबे गावी परततात व पुन्हा येत नाहीत. उपचार दोन-तीन वर्षांचा असतो. तो अर्धवट सोडणे म्हणजे दडलेल्या त्या पेशींना पुन्हा वाढण्याची मुभा देणे होय.

यास्तव वाचकांना विनंती अशी की, मुलाचा फिकटपणा, न हटणारा ताप, अंगावरचे निळे डाग किंवा हाडांतील दुखणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर टॉनिकच्या बाटल्यांत वेळ न दवडता रक्ताची संपूर्ण गणना व पट्टी तपासून घ्यावी, आणि निदान होण्यापूर्वी स्टेरॉइड देऊ देऊ नये, कारण त्याने रोग काही काळ झाकला जातो व ओळख चुकते. उपचारासाठी जा-ये करणाऱ्या कर्करुग्णाला रेल्वेच्या स्लीपर व थर्ड एसी वर्गांत भाडे पूर्ण माफ असून सोबत्याला त्याच वर्गांत पाऊण सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाच्या डॉक्टरांनी विहित नमुन्यात दिलेला दाखला तिकीट काढताना दाखवावा लागतो.