प्रेक्षकांचा प्रतिसाद : विद्यार्थीनिर्मित अ‍ॅनिमेशन जाहिरातीचे मूल्यमापन

उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हांला
• प्रेक्षकांच्या प्रतिसादातील निरनिराळ्या भाषिक कृती ओळखता येतील;
• प्रतिसाद मिळविण्यासाठी योग्य प्रश्न तयार करता येतील;
• मिळालेल्या प्रतिसादाच्या आधारे जाहिरातीत कोणते बदल करावेत, हे ठरविता येईल.

१. प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, जाहिरात तयार झाली म्हणजे काम संपले, असे आपल्याला वाटते. वास्तविक त्या वेळी काम अर्धेच झालेले असते. जाहिरात प्रेक्षकांपर्यंत पोहोचली का, आणि पोहोचली ती कोणत्या अर्थाने, हे तपासणे हा उरलेला अर्धा भाग होय.

या संदर्भात मराठी माणसाला अभिमान वाटावा असे एक उदाहरण आहे. इंग्लंडहून परतल्यावर १९१२ मध्ये दादासाहेब फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याच्या वाढीचे टप्प्याटप्प्याने चित्रण केले. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या लघुपटात कित्येक दिवसांची वाढ मिनिटाभराहून थोड्या अधिक वेळात दिसत होती. चित्रपटनिर्मितीला पैसा लावू शकतील अशा लोकांचा विश्वास संपादन करणे, हा त्याचा हेतू होता. निवडक लोकांनी तो पाहिला आणि त्यांतील काहींनी फाळक्यांना कर्ज देऊ केले. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला.

या प्रसंगातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक, काळाचा संकोच करून दाखविणे हे या कलेचे मोठे सामर्थ्य आहे. दोन, कौतुकाचे शब्द हा प्रतिसादाचा एक भाग झाला. प्रेक्षकाने नंतर केलेली कृती हा त्याचा खरा पुरावा होय.

२. विवेचनासाठी एक उदाहरण

पुढील उदाहरण अभ्यासासाठी कल्पिलेले आहे. त्यामागील प्रश्न मात्र खरा आहे. २०२० च्या खरीप हंगामात महाराष्ट्रात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मोठ्या संख्येने आल्या. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्यांची स्वतःहून दखल घेतली. बी उगवले नाही तर दुबार पेरणी करावी लागते, आणि तिचा खर्च लहान शेतकऱ्याला पेलत नाही. म्हणून घरचे बियाणे पेरणीपूर्वी तपासून घ्यावे, असे आवाहन कृषी विभाग करीत असतो. शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीने मांडून गुंडाळावेत, गोणपाट आठवडाभर ओलसर ठेवावे आणि मग कोंब मोजावेत. सत्तर किंवा अधिक दाणे उगवले तर शिफारशीइतकेच बियाणे वापरावे. त्याहून कमी उगवले तर बियाण्याचे प्रमाण त्या मानाने वाढवावे.

समजा, जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातील धावडा येथील एका विद्यार्थिनीने या विषयावर मोबाईलवर चाळीस सेकंदांची अ‍ॅनिमेशन जाहिरात तयार केली. तीत एक आजी दाणे मांडते, वरून तांब्याभर पाणी ओतते, गोणपाट गुंडाळते. सूर्य मावळतो, उगवतो आणि कोंब दिसतात. आजी ‘सत्तर’ म्हणते, त्याच क्षणी एक बी जोरात शिंकते आणि सगळे हसतात. विद्यार्थिनीने ही जाहिरात गावातील बारा जणांना दाखविली. “कशी वाटली?” असे विचारताच बाराही जण म्हणाले, “लई भारी झालीय.”

या प्रतिसादावरून जाहिरात यशस्वी झाली, असे म्हणता येईल का?

३. प्रतिसाद ही भाषिक कृती

शब्दशक्तींचा अभ्यास करताना आपण पाहिले की, शब्दाचा वाच्यार्थ आणि त्यातून सूचित होणारा अर्थ नेहमी एकच नसतो. जे. एल. ऑस्टिन या तत्त्वज्ञाने १९५५ मधील व्याख्यानांतून हाच विचार वेगळ्या बाजूने मांडला. आपण बोलतो तेव्हा केवळ माहिती देत नाही, तर काहीतरी करीतही असतो. आभार मानणे, वचन देणे, नकार देणे या बोलण्यातून घडणाऱ्या कृतीच आहेत.

‘लई भारी झालीय’ हे विधान या दृष्टीने पाहावे. वरकरणी तो जाहिरातीवरचा अभिप्राय आहे. प्रत्यक्षात गावातल्या मुलीच्या कष्टांना दिलेली ती शाबासकी आहे, आणि शाबासकी म्हणून ती पूर्ण प्रामाणिक आहे. जाहिरात समजली की नाही, याविषयी मात्र ती काहीच सांगत नाही. म्हणून प्रतिसाद ऐकताना पहिला प्रश्न असा विचारावा : या वाक्याने बोलणारा काय करीत आहे?

४. प्रतिसाद कसा मिळवावा?

(अ) प्रश्नांचा क्रम : मत शेवटी विचारावे. प्रथम पुनःकथन करवून घ्यावे. “काका, ही तपासणी कशी करायची ते शेजाऱ्याला सांगायचं झालं, तर कसं सांगाल?” या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ किंवा ‘चांगली आहे’ असे देताच येत नाही. उलट “संदेश समजला का?” या प्रश्नाला ‘हो’ म्हणणे हाच शिष्टाचार असतो.

(आ) विचारणारी व्यक्ती : जाहिरात करणाऱ्यानेच प्रश्न विचारले, तर दोष सांगताना लोक संकोचतात. शक्य असल्यास हे काम सहाध्यायाकडे सोपवावे.

(इ) बैठक : चारचौघांत पहिला बोलतो तेच पुढचे बोलतात. वडीलधाऱ्यांसमोर सुना-मुली गप्प राहतात. बियाणे निवडण्याचे आणि साठविण्याचे काम अनेक घरांत बायकाच करतात. त्यांचे म्हणणे स्वतंत्रपणे ऐकले नाही, तर जाहिरातीचा मुख्य प्रेक्षकच वगळला जाईल.

(ई) नोंद : बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, त्यांचे प्रमाण मराठीत रूपांतर करू नये. एक मावशी म्हणाल्या, “एवढ्या पाण्यानं बी नासंल की.” याची नोंद ‘बी उगवणार नाही, अशी शंका व्यक्त केली’ अशी केल्यास महत्त्वाचा धागा हरवतो. ‘नासणे’ या क्रियापदात कारण आहे : जाहिरातीतील आजी तांब्याभर पाणी ओतते. मावशींनी चित्रातील चूक दाखविली आहे, आणि ती त्यांच्या एका शब्दात आहे.

५. प्रतिसादाचे वर्गीकरण

सहाध्यायाने वरील पद्धतीने पुन्हा विचारणा केली, तेव्हा मिळालेले प्रतिसाद असे होते, असे मानू.

१) शिष्टाचार : “पोरीनं नाव काढलं.” याबद्दल आभार मानावेत, मूल्यमापनात ते धरू नये.

२) आस्वाद : “ते शिंकणारं बी लई आवडलं.” जाहिरात रंजक झाल्याची ही खूण आहे. परंतु असे म्हणणाऱ्यांना किती दाणे उगवायला हवेत, हे आठवेना. शिंक नेमकी ‘सत्तर’ या शब्दावर आल्यामुळे आकडा हास्यात बुडाला.

३) अर्थग्रहण : बारांपैकी पाच जणांनी “एका रात्रीत कोंब येतात” असे सांगितले. सूर्य एकदाच मावळला आणि उगवला, म्हणून त्यांनी एकच रात्र मोजली. हा प्रेक्षकांचा दोष नव्हे. त्यांनी चित्र अचूक वाचले. काळाच्या संकोचाची खूण देण्यास जाहिरात चुकली.

४) दुरुस्ती : पाण्याविषयीचे मावशींचे बोलणे या प्रकारात येते. विषयाचे ज्ञान येथे प्रेक्षकाकडे निर्मात्याहून अधिक आहे.

५) प्रतिप्रश्न : “अन् पन्नासच उगवले तर काय करायचं? नवं बियाणं घ्यायला पैसा कुठला?” हा प्रतिसाद सर्वांत मोलाचा होय. या शेतकऱ्याला जाहिरात समजली, पटली आणि ती जेथे थांबते त्याच्या पुढे तो गेला. त्याच्या अडचणीच्या क्षणी मात्र जाहिरात गप्प आहे.

६. प्रतिसादावरून निर्णय

प्रत्येक सूचना स्वीकारणे म्हणजे मूल्यमापन नव्हे. एखादा म्हणेल, गाणे घाला. दुसरा म्हणेल, आजीऐवजी बैल दाखवा. येथे एकच कसोटी लावावी : या बदलाने प्रेक्षकाला अपेक्षित कृती करणे सोपे होईल का? या कसोटीवर चार बदल टिकतात. सूर्य सात वेळा उगवावा आणि प्रत्येक वेळी दिवसाचा आकडा दिसावा. तांब्या ओतण्याऐवजी आजीने हाताने पाणी शिंपडावे. शिंक आकड्याच्या आधी यावी. शेवटी ‘सत्तरपेक्षा कमी उगवले, तर बियाणे वाढवा, किती, ते कृषी सहायकाला विचारा’ हे वाक्य यावे. असे झाले तर नवे बियाणे घेणे हाच एक मार्ग नाही, हे त्या शेतकऱ्याला कळेल.

बारा जणांच्या प्रतिसादाची टक्केवारी काढू नये. ‘बेचाळीस टक्के प्रेक्षकांचा गैरसमज झाला’ असे लिहिल्याने अभ्यास शास्त्रीय होत नाही. ‘बारांपैकी पाच’ असेच लिहावे. अशा लहान पाहणीतून प्रमाण कळत नाही, कारण कळते. आणि दुरुस्तीसाठी कारणच हवे असते.

ही चाचणी निर्मिती पूर्ण होण्यापूर्वी घेतल्यास श्रम वाचतात. युनिसेफच्या ‘मीना’ या अ‍ॅनिमेशन मालिकेच्या घडणीत भारतीय अ‍ॅनिमेशनचे अध्वर्यू राम मोहन यांचा मोठा वाटा होता. दक्षिण आशियातील वेगवेगळ्या देशांत ही मुलगी आपली वाटावी, म्हणून तिचे रूप आणि तिच्या कथा लोकांसमोर ठेवून पारखल्या गेल्या. तुम्हीही कागदावरची पाच-सहा रेखाचित्रे दाखवून प्राथमिक प्रतिसाद घेऊ शकता.

७. सारांश

प्रतिसादाचे मूल्यमापन म्हणजे स्तुती आणि निंदा यांची बेरीज-वजाबाकी नव्हे. प्रेक्षकाचे प्रत्येक वाक्य कोणती भाषिक कृती करते, हे ओळखून त्यातून अर्थग्रहणाचा पुरावा वेगळा काढणे, हे त्याचे खरे स्वरूप आहे. अखेरचा पुरावा मात्र पेरणीपूर्वीच मिळेल : बारांपैकी किती घरांत गोणपाट ओले झाले?

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘चांगली आहे’ हा प्रतिसाद मूल्यमापनासाठी अपुरा का ठरतो, ते भाषिक कृतीच्या संकल्पनेच्या आधारे स्पष्ट करा.
२. बोलीतील प्रतिसाद जसाच्या तसा नोंदविण्याचे महत्त्व एक उदाहरण देऊन सांगा.
३. उपक्रम : आपल्या परिसरातील एखादी जाहिरात पाच व्यक्तींना दाखवा, त्यांच्याकडून तिचे पुनःकथन करवून घ्या आणि प्रतिसादांचे वरील पाच प्रकारांत वर्गीकरण करा.