दणकट, साधे आणि रोजचे : मनगटावरील घड्याळाची निवड

व्यापारी कुटुंबाच्या घरात घड्याळांची वाण क्वचितच असते. लग्नात सासरहून आलेले सोनेरी पट्ट्याचे, दुकानाच्या रौप्यमहोत्सवी वर्षात भेट मिळालेले, परदेशातून पाहुण्यांनी आणलेले, अशी चार-पाच घड्याळे कपाटातील मखमली डब्यांत विसावलेली असतात. वर्षातून दोन-तीन लग्नांत ती बाहेर निघतात आणि पुन्हा कुलुपात जातात. सकाळी दुकानाची किल्ली घेऊन निघणाऱ्या हाताचे मनगट मात्र मोकळेच असते. विचारले तर उत्तर ठरलेले : वेळ मोबाइलवर दिसते की!

वेळ मोबाइलवर दिसते हे खरे. परंतु ती तिथे एकटी नसते. गोदामात माल उतरत असताना वेळ पाहण्यासाठी खिशातून मोबाइल काढावा, तर त्याच क्षणी बाजारभावाचा निरोप येतो, कोणाच्या उधारीची आठवण येते, एखादे छायाचित्र उघडले जाते. पाहायची होती वेळ. गेली दहा मिनिटे. इकडे सूर्यास्त जवळ आलेला असतो आणि घरी चौविहार सांभाळणारी आई ताट वाढून मुलाची वाट पाहत असते. पुण्यासारख्या ठिकाणी डिसेंबरच्या प्रारंभी सूर्य सायंकाळी सहाच्या सुमारास मावळतो, तर जूनअखेर सव्वासातच्या सुमारास. या सव्वा तासाच्या फरकात वर्षभर रोज घरी वेळेवर पोहोचायचे, तर वेळ एका दृष्टिक्षेपात कळली पाहिजे. त्यासाठी हवे असते ते मिरवण्याचे नव्हे, तर वापरण्याचे घड्याळ.

अशा घड्याळांचा एक स्वतंत्र प्रकार आहे. त्याला 'फील्ड वॉच' म्हणतात. म्हणजे मैदानावर, उन्हापावसात, धुळीत वापरायचे घड्याळ.

खिशातून मनगटावर

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत पुरुषाचे घड्याळ खिशात, साखळीला बांधलेले असे. मनगटावरील घड्याळ हा स्त्रियांचा दागिना मानला जाई. पहिल्या महायुद्धाने ही समजूत मोडली. दोन्ही हात गुंतलेले असताना खिशात हात घालून वेळ पाहणे अशक्य होते, म्हणून घड्याळ मनगटावर आले आणि तिथेच राहिले.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश संरक्षण खात्याने अशा घड्याळांसाठी नियमच घालून दिले : काळी तबकडी, ठळक अंक, अंधारात दिसणारे काटे, पाण्यापासून संरक्षण आणि सहज न फुटणारी काच. 12 स्विस कंपन्यांनी ती घड्याळे बनवली. अमेरिकेतही एल्जिन, वॉल्थॅम आणि बुलोव्हा या कंपन्यांनी 'ए-11' नावाच्या मानकानुसार घड्याळे तयार केली. त्यांत चावी बाहेर ओढताच सेकंदकाटा थांबे, त्यामुळे साऱ्यांची घड्याळे एकाच क्षणी जुळवता येत.

या वस्तूचा जन्म युद्धात झाला असला, तरी तिचा गुण शांततेतलाच आहे. जे आवश्यक नाही ते तिच्यात नाही. अपरिग्रहाचा विचार ज्या घरांत लहानपणापासून कानांवर पडतो, त्या घरांना हे तत्त्व परके वाटण्याचे कारण नाही.

तबकडी, काच आणि पाणी

पहिली कसोटी वाचनीयतेची. काळ्या तबकडीवर पांढरे अंक किंवा पांढऱ्या तबकडीवर काळे अंक, बारा ते बारा सारे लिहिलेले, आणि दोन्ही काट्यांच्या लांबीत स्पष्ट फरक. पन्नाशी ओलांडलेल्या डोळ्यांना चष्म्याविना वेळ दिसली तर तबकडी उत्तम समजावी.

दुसरी कसोटी आकाराची. दुकानात मोठे घड्याळ रुबाबदार वाटते. पण पोते उचलताना, शटर ओढताना तेच अडकते. बहुसंख्य मनगटांना 36 ते 40 मिलिमीटर व्यासाचे घड्याळ पुरेसे असते. घड्याळाच्या वरच्या व खालच्या बाजूची पट्टा अडकवायची टोके मनगटाच्या बाहेर जात असतील, तर ते घड्याळ त्या हातासाठी मोठेच आहे.

तिसरी कसोटी काचेची. जुन्या घड्याळांवर अॅक्रिलिकची, म्हणजे एक प्रकारच्या प्लास्टिकची काच असे. तिच्यावर ओरखडे लवकर पडतात. परंतु ती सहसा फुटत नाही आणि ओरखडे घासून घालवता येतात. मिनरल काच अधिक कठीण असते, पण एकदा ओरखडा पडला की तो कायमचा. सर्वांत कठीण नीलकाच, अर्थात सफायर. जवाहिऱ्यांना हे सांगायला नको की नीलम आणि माणिक ही एकाच खनिजाची रूपे आहेत आणि काठिण्याच्या मोजपट्टीवर ती 9 वर, हिऱ्याच्या खालोखाल येतात. घड्याळातील नीलकाच कृत्रिमरीत्या बनवलेली असते, तशीच यंत्रातील '17 ज्वेल'ची माणकेही. ती ऐश्वर्यासाठी नसून घर्षण कमी करण्यासाठी असतात. त्यामुळे त्यांच्या संख्येवरून घड्याळाची किंमत ठरवू नये.

चौथी कसोटी पाण्याची, आणि फसगत सर्वाधिक इथेच होते. मागच्या झाकणावर '30 मीटर' लिहिले असले, तर ते घड्याळ घालून 30 मीटर खोल जाता येते असा त्याचा अर्थ नाही. तो आकडा प्रयोगशाळेतील दाबाच्या चाचणीचा असतो. व्यवहारात 30 मीटरचे घड्याळ हात धुताना उडणारे थेंब सोसते, 50 मीटरचे पावसात भिजणे सहन करते, आणि 100 मीटरचे पोहतानाही चालते. पावसाळ्यात दुचाकीवरून वसुलीला फिरणाऱ्याने किमान 50 आणि शक्य तर 100 मीटरचेच घ्यावे.

पाचवी कसोटी धक्क्याची. धक्कारोधक घड्याळांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे. एक मीटर उंचीवरून लाकडी फरशीवर पडल्यास बसेल तेवढा धक्का घड्याळाने सोसावा, अशी त्यात अपेक्षा असते. घड्याळ गल्ल्यावरून खाली पडण्याची उंची साधारण तेवढीच.

सेल की चावी?

25 डिसेंबर 1969 रोजी जपानच्या सेइको कंपनीने पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले आणि घड्याळांचे जग बदलले. सेलच्या विजेवर क्वार्ट्झचा स्फटिक सेकंदाला 32,768 वेळा कंप पावतो, आणि त्या कंपनांच्या मोजणीवर काटे चालतात. असे साधे घड्याळही महिन्याला सुमारे 15 ते 20 सेकंदांपेक्षा अधिक चुकत नाही. चावीचे किंवा हाताच्या हालचालीने आपोआप गुंडाळले जाणारे ऑटोमॅटिक घड्याळ दिवसालाच तेवढे चुकू शकते. रोज 20 सेकंद म्हणजे महिन्याला 10 मिनिटे. त्यामुळे ते आठवड्यातून एकदा जुळवावे लागते.

केवळ हिशेब पाहिला तर क्वार्ट्झ स्वस्त, अचूक आणि निर्वेध. परंतु जैन घरांत या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे. सामायिकाच्या 48 मिनिटांत अनेक श्रावक-श्राविका विजेच्या उपकरणांचा स्पर्श टाळतात. मोबाइलबरोबर सेलचे घड्याळही उतरवून ठेवतात आणि वाळूची घडी समोर ठेवतात. वीज सचित्त की अचित्त याविषयी परंपरांमध्ये मतभेद आहेत, आणि तो निर्णय ज्याच्या-त्याच्या गुरुपरंपरेचा आहे. मात्र ज्यांना हा नियम पाळायचा आहे, त्यांच्यासाठी चावीचे घड्याळ हा केवळ जुन्या काळाचा हौशी अवशेष उरत नाही. त्यात सेल नाही, वीज नाही. आहे ती फक्त गुंडाळलेली स्प्रिंग. सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या घड्याळात सेल बदलावा लागत नसला, तरी त्याची चालकशक्ती वीजच असते, हेही ध्यानात घ्यावे.

घड्याळ हा शब्दच मुळी घटिकेशी नाते सांगतो. 24 मिनिटांची एक घटिका, दोन घटिकांचा एक मुहूर्त, आणि तेवढेच सामायिक. सूर्योदयानंतर तेवढ्याच वेळाने नवकारसीचे पच्चक्खाण पारले जाते. तबकडीवर प्रत्येक मिनिटाची रेघ असलेले घड्याळ इथे नेमके उपयोगी पडते.

पट्ट्याचा विचार आधी

दणकट घड्याळांच्या जाहिरातींत चामड्याचा पट्टा फार मिरवला जातो. अहिंसेच्या दृष्टीने अनेक घरांत तो वर्ज्य आहे. आणि घाम, पाऊस व धूळ यांच्या दृष्टीनेही तो रोजच्या वापरास फारसा योग्य नाही. पट्ट्याच्या आतील बाजूस 'लेदर' असा ठसा आहे का, हे खरेदीपूर्वी पाहावे. कित्येकदा वरून कापड आणि आतून चामड्याचे अस्तर असते. कृत्रिम चामडेही घामाने लवकर पापुद्रे सोडते.

याला उत्तम पर्याय नायलॉनच्या एकसंध पट्टीचा. ब्रिटिश संरक्षण खात्याने 1973 मध्ये अशा पट्ट्याचे मानक ठरवले. ही पट्टी दोन्ही पिनांच्या मागून सलग ओवलेली असते. त्यामुळे एक पिन निसटली तरी घड्याळ दुसऱ्या पिनेवर लटकून राहते, खाली पडत नाही. ती साबणाने धुता येते आणि स्वस्त असते. ओली राहिल्यास मात्र त्वचेला त्रास होतो, म्हणून पावसाळ्यात दोन पट्ट्या आलटून-पालटून वापराव्यात. रबर, सिलिकोन आणि पोलादी साखळी हे इतर निर्दोष पर्याय. पट्ट्याची रुंदी 18 किंवा 20 मिलिमीटर असेल, तर बदली पट्टा कोणत्याही बाजारपेठेत मिळतो.

काही परिचित पर्याय

सर्वांत कमी खर्चात टिकाऊपणा हवा असेल, तर कॅसिओचे 'एफ-91डब्ल्यू' हे 1989 पासूनचे अंकी घड्याळ आहे. ते वजनाला नगण्य, पट्टा रेझिनचा, आणि एक सेल सुमारे सात वर्षे चालतो. काट्यांच्या घड्याळाचे सौंदर्य त्यात नाही आणि ते पाण्याच्या थेंबांपुरतेच सुरक्षित आहे. पण शिकाऊ मुलाच्या हाती द्यायला त्याहून निश्चिंत वस्तू कमी सापडतील.

टाइमेक्सच्या 'एक्स्पिडिशन' मालिकेत मोठ्या अंकांची क्वार्ट्झ घड्याळे मिळतात. चावी दाबली की संपूर्ण तबकडी उजळते. पहाटे बाजार समितीत जाणाऱ्यांना ही सोय मोलाची वाटते. त्याहून थोडा अधिक खर्च करण्याची तयारी असेल, तर सिटिझनचे प्रकाशावर चालणारे 'बीएम8180' हे 37 मिलिमीटरचे, 100 मीटर जलरोधक आणि कापडी पट्ट्याचे घड्याळ या प्रकारातील एक आदर्श मानले जाते. सेइकोचे 'एसएनके809' हे स्वस्त ऑटोमॅटिक घड्याळ जगभर लोकप्रिय झाले. त्याचे उत्पादन आता थांबले आहे. त्याची जागा घेणारी नवी मॉडेल्स चांगली असली तरी बरीच महाग आहेत.

आणि जुन्या पिढीच्या मनात घर करून असलेले नाव एचएमटीचे. 1961 मध्ये सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत हा कारखाना सुरू झाला. 'जनता'ने घराघरांत वेळ पोहोचवली. 'पायलट' हे काळ्या तबकडीचे, 17 ज्वेलचे, चावीचे घड्याळ तर भारतीय फील्ड वॉचच म्हणावे. जानेवारी 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मान्यता दिली. त्यानंतर जुन्या घड्याळांना मागणी वाढली आणि त्याबरोबर बनवेगिरीही. भडक रंगांच्या, नव्याने रंगवलेल्या तबकड्या बसवून जुनी यंत्रे 'दुर्मीळ' म्हणून विकली जातात. ज्या व्यापाऱ्याला मालाचा नमुना हातात घेताच अस्सल-नक्कल कळते, त्याने इथेही तोच डोळा वापरावा : झाकण उघडून यंत्र पाहावे, अक्षरांची छपाई भिंगातून तपासावी, आणि खात्री नसेल तर सौदा सोडून द्यावा.

घेताना आणि घेतल्यानंतर

पक्के बिल आणि शिक्का मारलेले हमीपत्र घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आपल्या गावात त्या घड्याळाची दुरुस्ती होते का, हे आधी विचारावे. सेल बदलताना झाकणाखालील रबरी कडी नीट बसवली गेली आहे याची खात्री करावी. ती दुमडली वा सुकली, तर 100 मीटरचे घड्याळही पहिल्याच पावसात आतून धुरकट होते. हळद, मिरची वा सिमेंटच्या धुळीत काम असेल, तर आठवड्यातून एकदा ओल्या फडक्याने चावीभोवतीचा भाग पुसावा. चावीचे घड्याळ रोज एकाच वेळी गुंडाळावे आणि घट्ट लागताच थांबावे. अंधारात चमकणारी फार जुनी लष्करी घड्याळे मात्र हौसेने उघडू नयेत. त्यांच्या अंकांत रेडियम हे किरणोत्सारी द्रव्य असू शकते.

शेवटी प्रश्न उरतो किमतीचा. वस्तूची खरी किंमत बिलावर नसते. ती किती दिवस वापरली गेली यावर ठरते. कपाटात पडून राहणारे पन्नास हजारांचे घड्याळ महागच, आणि दहा वर्षे रोज हातावर राहणारे तीन हजारांचे स्वस्तच. व्यापाऱ्याला हा भागाकार शिकवावा लागत नाही.

कपाटातील डबे लग्नांसाठी राहू द्यावेत. हातावर एक साधे घड्याळ असावे. ओरखड्यांची चिंता नसलेले, चोरीची धास्ती नसलेले, आणि दुकानाच्या गर्दीत एका नजरेत सांगणारे की सूर्यास्ताला अजून अर्धा तास आहे. तेवढ्यात शटर ओढता येते, घरी पोहोचता येते, आणि वाढलेल्या ताटाला वाट पाहावी लागत नाही.