खवळलेला दर्या (लेखांक ७) : तळातले ओझे

बोट लागते ती नवशिक्यांना, असा किनाऱ्यावरच्यांचा समज. ब्रिटिश आरमाराचा ॲडमिरल नेल्सन बाराव्या वर्षी जहाजावर चढला आणि उभा जन्म दर्यावर काढूनही वारा सुटला की त्याच्या पोटात ढवळायला लागे. मळमळीने सहसा कोणी मरत नाही म्हणा. आरमारी खलाशाची खरी धास्ती एकच : आडवे होऊ लागलेले जहाज परत उभे राहील का?

ते ठरते जहाजाच्या तळाशी. वजन खाली असले की जहाज बरेच कलले तरी सावरते. विनाशिका ही चिंचोळी, वेगासाठी बांधलेली युद्धनौका. तळच्या टाक्यांतले इंधन हेच तिचे ओझे. ते जळत जाते तशी ती खालून हलकी होते. वरच्या तोफा आणि रडार मात्र जागच्या जागी. मग रिकाम्या टाक्यांत समुद्राचे पाणी भरायचे, हा ठरलेला उपाय. पण पुन्हा तेल घ्यायचे तर आधी ते पाणी उपसणे आले आणि त्यात तासन् तास मोडतात.

डिसेंबर १९४४ मध्ये फिलिपिन्सच्या पूर्वेला ॲडमिरल हॅल्सीचे अमेरिकी तिसरे आरमार याच पेचात सापडले. १७ तारखेला भर समुद्रात तेल भरताना नळ्या तुटल्या. उद्या पुन्हा प्रयत्न करायचा होता. टाक्या जवळपास कोरड्या असलेल्या ‘स्पेन्स’ या विनाशिकेने पाणी घ्यायला उशीर केला. १८ तारखेला तुफानाने आरमाराला गाठले आणि ‘स्पेन्स’ उलटली. ‘हल’ आणि ‘मोनाघन’ या विनाशिकांकडे तेल बऱ्यापैकी होते, पण जुन्या बांधणीवर युद्धकाळातल्या सामग्रीची भर पडून त्या डोईजड झाल्या होत्या. त्याही गेल्या. ‘मोनाघन’वरचे फक्त ६ जण वाचले. सगळे मिळून सुमारे ७९० बळी.

‘मॉन्टेरे’ या विमानवाहू नौकेवर बांधलेली विमाने सुटून एकमेकांवर आदळली आणि पेटली. त्याच नौकेवरचा एक तरुण अधिकारी डेकवरून घसरत थेट कडेपर्यंत गेला. तिथल्या बोटभर उंचीच्या पोलादी काठाला पाय अडला म्हणून बचावला. त्याचे नाव जेराल्ड फोर्ड, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष.

या साऱ्यात मन गुंतते ते ‘टॅबरर’ या छोट्या नौकेत. तिची डोलकाठी मोडली होती, रेडिओ बंद पडला होता. रात्री अँटेना दुरुस्त करणाऱ्याला पाण्यात दिवा दिसला. कप्तान हेन्री प्लेजने नौका वाऱ्याच्या बाजूला नेली आणि वाहत वाहत बुडणाऱ्यांपर्यंत येऊ दिली. कडेला जाळी सोडली होती. कमरेला दोर बांधलेले पोहणारे पाण्यात उतरत होते. प्लेजने शोध आवरता घेतला नाही आणि ५५ जण वर काढले.

चौकशी न्यायालयाने हॅल्सीचा अंदाज चुकल्याचे नोंदवले, शिक्षा केली नाही. जून १९४५ मध्ये त्याचे आरमार ओकिनावाजवळ दुसऱ्या तुफानात शिरले. एवढा धडा मिळूनही हे व्हावे, याला नुसते दुर्दैव म्हणता येत नाही. त्या वेळी ‘पिट्सबर्ग’ या क्रूझरचा पुढचा शंभरेक फुटांचा भागच तुटून गेला, तरी तिच्यावरचा एकही माणूस दगावला नाही. ते कसे, हे पुढच्या लेखांकात.