अनुभवाची साक्ष आणि मेंदूची नोंद

बौद्ध ध्यानपरंपरा आणि जाणिवेचे विज्ञान यांचा परस्परांशी नियमित संवाद १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये धरमशाला येथे सुरू झाला. चिलीचे जीवशास्त्रज्ञ फ्रान्सिस्को व्हारेला, उद्योजक अ‍ॅडम एंगल आणि दलाई लामा यांच्या पुढाकारातून भरलेल्या या बैठकीतूनच पुढे ‘माइंड अँड लाइफ’ ही संस्था उभी राहिली. अर्थात ध्यानाचे शास्त्र अभ्यासकांसमोर मांडण्याचे काम त्याआधीच सुरू झाले होते. बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ध्यानविषयक पाली ग्रंथाच्या हार्वर्ड आवृत्तीसाठी गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबी यांनी घेतलेले परिश्रम मराठी वाचकाने विसरू नयेत.

व्हारेला यांनी १९९६ मध्ये ‘न्यूरोफेनोमेनॉलॉजी’ची कल्पना मांडली. अनुभव घेणाऱ्याने शिस्तीने केलेले स्वतःच्या अनुभवाचे वर्णन आणि उपकरणांनी टिपलेली मेंदूची क्रिया या दोन्हींना समान मान देऊन एकाने दुसऱ्याला तपासावे, असा तिचा आशय होता. तिचे सामर्थ्य २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दिसले. त्यात सहभागी व्यक्तींनी एकच दृश्य-चाचणी अनेकदा दिली आणि प्रत्येक वेळी आपले अवधान कितपत सज्ज होते हे सांगितले. त्या कथनांनुसार नोंदींचे गट पाडल्यावर, एरवी सरासरीत विरून गेले असते असे मेंदूतील लयींचे निश्चित आकृतिबंध स्पष्ट झाले. ज्याला व्यक्तिनिष्ठ म्हणून बाजूला सारले जाई, तेच येथे मोजमापाला अर्थ देत होते.

व्हारेला २००१ मध्येच निवर्तले होते. पुढे २००४ मध्ये मेंदूसंशोधक अँटवान लुट्झ, रिचर्ड डेव्हिडसन आणि सहकाऱ्यांनी दहा ते पन्नास हजार तासांची साधना असलेल्या आठ साधकांच्या मेंदूत गॅमा लहरी, म्हणजे विद्युत्क्रियेतील जलद कंपने, नवशिक्यांपेक्षा कितीतरी प्रबळ असल्याचे दाखवले आणि जगाचे लक्ष मेंदूच्या चित्रांकडे वळले. मात्र हा फरक साधनेमुळे निर्माण झाला की मुळातच होता, हे अशा तुलनेतून ठरत नाही. आठ आठवड्यांच्या सजगता-प्रशिक्षणाने मेंदूची रचना बदलते, या लोकप्रिय समजुतीलाही २१८ जणांवरील २०२२ च्या अभ्यासात आधार मिळाला नाही.

या वाटचालीत उपकरणे झपाट्याने सुधारली, पण अनुभवाचे सूक्ष्म वर्णन करण्याची कला प्रयोगशाळांनी तेवढ्या निष्ठेने आत्मसात केली नाही. व्हारेला यांच्या प्रस्तावाचा हा अर्धा भाग अद्याप अपुराच आहे.